साठ लिटरचा समुद्र

१८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत धर्मगुरू होते, आणि राहतं घर अ‍ॅबीच्या आवारात, समुद्रापासून लांब. प्रवासात प्रवाळ हलू नयेत म्हणून बाईंनी ते सुईदोऱ्याने एका स्पंजाला टाचून घेतले होते. घरी आल्यावर काचेच्या भांड्यात ठेवले, पण खाऱ्या पाण्याचा साठा जेमतेम होता आणि रोज नवं पाणी आणणं शक्य नव्हतं. मग असलेलंच पाणी उघड्या खिडकीपाशी उभं राहून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायचं, रोज अर्धा-पाऊण तास, असं ठरलं. हे काम घरातल्या मोलकरणीकडे होतं. पुढच्या वर्षी बाईंनी त्या पाण्यात समुद्री वनस्पतीही सोडल्या. प्रवाळ जगले आणि त्यांची संख्या वाढली. बाईंच्या निरीक्षणांची टिपणं फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाच्या प्रयत्नाने १८५९ साली छापून आली.

या हकिकतीत घरगुती समुद्री टाकीची जवळजवळ सगळी विद्या आहे. पाणी हलतं ठेवायचं, त्यात हवा खेळती ठेवायची, घाण जिरवणारं काहीतरी जिवंत त्यात असू द्यायचं, आणि हे रोज, न चुकता करायचं. पुढे १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपल्या टाक्यांबद्दल एका अमेरिकी मासिकात लिहिलं. त्यांच्याकडे फिल्टर नव्हते. समुद्रातून उचललेले, जीवजंतूंनी भरलेले दगड आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर त्यांचे प्रवाळ वाढत. आजच्या कोणत्याही प्रवाळटाकीत मधोमध दगडांची रचना दिसते, ती याच कल्पनेतून आलेली. तो दगड शोभेचा नसतो. त्याच्या असंख्य छिद्रांत राहणारे जिवाणू हाच टाकीचा खरा फिल्टर असतो.

गोड्या पाण्याचे मासे पाळलेला माणूस समुद्री टाकीकडे वळतो तेव्हा त्याला आधी मासे दिसतात, मग दिवे, मग पंप. पाणी सर्वांत शेवटी. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. प्रवाळभित्तीवरचे प्राणी अशा पाण्यात घडले आहेत जे दिवसेंदिवस, वर्षानुवर्षं जवळजवळ बदलतच नाही. क्षारता तीच, तापमान एक-दोन अंश इकडेतिकडे, पीएच ८.१ ते ८.३ च्या आसपास. घरच्या टाकीत आपण पाळतो ते हे न बदलणारं पाणी. ते जमलं की मासे आणि प्रवाळ आपापलं बघतात.

म्हणूनच छोटी टाकी सोपी, हा समज पहिल्यांदा मनातून काढावा. पाणी जितकं कमी, तितका कोणताही बदल वेगाने होतो. तीनशे लिटरच्या टाकीत एक गोगलगाय मेली तर कळतही नाही. वीस लिटरच्या टाकीत तीच गोगलगाय एका रात्रीत सगळ्यांचा घास घेते. तरीही फ्लॅटमधली जागा आणि खिसा पाहता नवख्याने साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि छत्तीस उंच अशी टाकी घ्यावी. काठोकाठ भरली तर ती पासष्ट लिटरची होते, पण दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करता प्रत्यक्ष पाणी पन्नासेक लिटरच असतं. यापेक्षा लहान टाकीच्या वाटेला पहिल्यांदा जाऊ नये. पाणी, दगड, वाळू आणि काच मिळून वजन ऐंशी किलोच्या घरात जातं, तेव्हा ती टीव्हीखालच्या प्लायवूडच्या कपाटावर ठेवायची नाही आणि खिडकीच्या उन्हातही नाही.

आता पाण्याकडे येऊ. मुंबईत राहणाऱ्याला वाटतं, समुद्र चालून जाण्याच्या अंतरावर आहे, दोन कॅन भरून आणू. आणू नये. शहरालगतच्या पाण्यात सांडपाणी, तेल आणि गाळ असतो, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांचं पाणी मिसळल्यावर त्याची क्षारता कमी होते. पाणी घरीच बनवायचं. त्यासाठी आधी शुद्ध पाणी हवं, आणि इथे एक घोटाळा हमखास होतो. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चांगलं, म्हणून तेच टाकीत घातलं जातं. पण पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून बहुतेक घरगुती यंत्रांत खनिजं परत मिसळण्याची सोय असते. टीडीएस मीटर बुडवून पाहा, पन्नास, ऐंशी, कधी शंभराच्या वर आकडा येतो. त्यात नायट्रेट किती, फॉस्फेट किती, तांबं किती, हे तो आकडा सांगत नाही. आणि तांबं तर कोळंबी-गोगलगायींसाठी अगदी थोडं असलं तरी विष आहे. आपल्याला शून्य हवं. म्हणून आरओच्या पडद्यातून आलेलं पाणी, खनिजं मिसळली जाण्याआधीच वळवून, उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनच्या नळीतून काढायचं. बोअरवेलच्या पाण्यावर राहणाऱ्यांचं रेझिन लवकर संपतं. ते त्यांनी खर्चात धरावं.

मीठही साधं चालत नाही. समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के असतात. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि कितीतरी सूक्ष्म घटक. १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरलेल्या ‘चॅलेंजर’ या जहाजाने जागोजागचं पाणी गोळा केलं होतं. त्यातले ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले. खुल्या महासागरात खारटपणा कमी-जास्त असला तरी मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण सगळीकडे सारखंच असतं, हे त्याच्या १८८४ च्या अहवालाने पक्कं झालं. म्हणून जगात कुठेही बसून एकाच सूत्राचं समुद्री मीठ बनवता येतं. मत्स्यालयासाठी मिळणारं तयार मीठ ते हेच. एका लिटरला साधारण ३७ ग्रॅम घालावं लागतं, कारण त्यातल्या काही क्षारांत मुळातच पाणी बांधलेलं असतं. झाकणाच्या बादलीत छोटा पंप लावून पाणी रात्रभर फिरवायचं आणि सकाळी रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता मोजायची. हजारी ३५ आलं की पाणी तयार. प्राणी असलेल्या टाकीत मिठाचा चमचा थेट कधीही टाकायचा नाही.

खरी कसोटी यानंतर लागते. टाकीतलं पाणी रोज उडतं, मीठ मात्र आतच राहतं. आमटी आटली की आपण तिच्यात पाणी घालतो, मीठ नाही, टाकीचंही तसंच. उडालेल्या पाण्याच्या जागी शुद्ध गोडं पाणी भरायचं. उन्हाळ्यात पंखा सुरू असेल तर पन्नास लिटरमधून दिवसाला दोन लिटर सहज जातात. तीन दिवस कुणी पाहिलं नाही तर सहा लिटर गेले, आणि हजारी ३५ ची क्षारता जवळजवळ ४० वर पोचली. मग घाबरून एकदम सहा लिटर ओतले की ती तासाभरात पुन्हा खाली कोसळते. प्राण्याला हे दोन्ही धक्के बसतात, आणि दुसरा पहिल्यापेक्षा वाईट. काचेवर बाहेरून चिकटपट्टीची एक रेघ लावावी आणि रोज सकाळी पाणी त्या रेघेपर्यंत आणावं. शक्य असेल तर फ्लोट सेन्सरवर चालणारी स्वयंचलित भरणी घ्यावी. महागड्या दिव्यापेक्षा आधी ही घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

तापमानाचं गणित गावोगाव बदलतं. २५ ते २६ अंश उत्तम, २८ पर्यंत चालतं, तिशीच्या वर आठवडाभर राहिलं तर प्रवाळ पांढरे पडू लागतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, ती प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. उष्णता वाढली की ही भागीदारी तुटते, प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो, आणि मग उपाशी मरू शकतो. १९९८ आणि २०१६ साली जगभरच्या समुद्रांत हेच झालं. पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर एक छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबई, रत्नागिरी, पणजीत मे महिन्यातल्या दमट हवेत पंख्याचा जोर निम्म्यावर येतो. तिथे चिलर किंवा एसीची खोली याला पर्याय नाही, आणि हा खर्च आधीच ताळेबंदात मांडलेला बरा. एसीच्या बंद खोलीत आणखी एक गोष्ट होते: माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, तो पाण्यात विरघळतो आणि पीएच खाली येतो. खिडकी थोडा वेळ उघडली की तो वर चढतो. बाटलीतलं रसायन ओतण्याआधी हा प्रयोग करून पाहावा.

विजेबद्दल थोडक्यात. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू जवळपास पाचव्या हिश्शाने कमी मावतो, त्यामुळे पंप बंद पडला की वेळ थोडा असतो. प्रवाहाचा पंप इन्व्हर्टरवर घ्यावा, दिवा नाही घेतला तरी चालेल. सगळी वायर आधी खाली झोका घेऊन मग प्लगकडे वर जाईल अशी लावावी, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगमध्ये शिरत नाही. आणि या लाइनवर वीजगळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी असलाच पाहिजे. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं.

टाकी उभी राहिली, पाणी भरलं, कोरडे सच्छिद्र दगड पाचसहा किलो रचले, तळाशी अ‍ॅरागोनाइटची वाळू पसरली, की लगेच मासे आणायचे नसतात. आधी जिवाणू वसवायचे. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. समुद्री पाण्याचा पीएच जास्त असल्याने अमोनियाचा विषारी अंश गोड्या, पीएच ७ च्या पाण्यापेक्षा दहापटीहून अधिक असतो. म्हणून गोड्या पाण्यात खपून गेलेली घाई इथे खपत नाही. रिकाम्या टाकीत लिटरला दोन मिलिग्रॅम होईल इतका अमोनियम क्लोराइड घालावा, जिवाणूंची बाटली मिळाली तर तीही, आणि दर दोन-तीन दिवसांनी तपासणी करावी. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दाखवू लागलं की टाकी तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात. घरातली मुलं रोज विचारतात, मासे कधी येणार. त्यांच्या हाती तपासणीची नळी द्यावी. रंग हिरव्याचा पिवळा होताना पाहणं त्यांना माशांइतकंच आवडतं.

या काळात दगडांवर आधी तपकिरी थर धरतो, मग हिरवं केसाळ शेवाळ येतं, कधी वाळूवर लालसर गुळगुळीत पापुद्रा. टाकी कुरूप दिसते आणि अनेकजण इथेच हात टेकतात किंवा रसायनं ओततात. तसं काही करू नये. दिवा कमी वेळ लावावा, शेवाळ हाताने खुडावं, आणि अमोनिया-नायट्राइट शून्यावर आल्यावर काही शेवाळखाऊ गोगलगायी सोडाव्यात. काही महिन्यांनी, टाकीत त्याचं बीज आलेलं असेल तर, दगडांवर जांभळट-गुलाबी कवचासारखं कोरलाइन शैवाल दिसू लागतं; ते आलं की समजावं, पाणी स्थिरावतंय. रात्री दिवे मालवल्यावर दोन तासांनी विजेरी घेऊन काचेजवळ बसा. काचेवर पांढरे ठिपके सरकताना दिसतील, ते कोपेपॉड नावाचे बारीक जीव. दगडाच्या भोकातून केसाळ किडा अर्धा बाहेर येऊन वाळूवरचा कण ओढून नेतो आणि उजेड पडताच मागे सरतो. यातलं बरंचसं आपण विकत आणलेलं नसतं; एखाद्या प्रवाळाच्या तुकड्यासोबत ते आलेलं असतं. तेच टाकीची झाडलोट करतं.

आता प्राण्यांकडे, आणि त्याआधी कायद्याकडे. या प्रकरणातला हा भाग कुणी वगळून पुढे जाऊ नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून भित्ती बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळं पोवळं, ऑर्गन-पाइप कोरल, फायर कोरल, समुद्रपंखे आणि सगळे समुद्रघोडे आहेत. वाघाला असलेलं संरक्षण यांनाही आहे, आणि ते मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यालाही लागू होतं. मालवणच्या अभयारण्यातला असो, विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत बुडालेल्या आंग्रिया बँकेवरचा असो, की हाजीअलीच्या खडकावरचा. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात हाजीअली आणि वरळीचे प्रवाळ आड आले, तेव्हा २०२० साली महापालिकेलाही वनखात्याची परवानगी घेऊनच ते दुसरीकडे हलवावे लागले. एखाद्या दुकानात ‘जिवंत दगड’ म्हणून प्रवाळखडकाचा तुकडा स्वस्तात मिळाला तर तो कुठून आला हे विचारावं, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर मागे फिरावं. मी तर घरच्या टाकीसाठी कठीण प्रवाळांचा विचारच सोडून द्यावा असं म्हणेन. दगड भट्टीत बनवलेले सिरॅमिकचे मिळतात. ते सुरुवातीला बोडके दिसतात, सहा महिन्यांत ओळखू येत नाहीत.

मऊ प्रवाळांत काय कमी आहे? मश्रूम कोरल तबकडीसारखे पसरतात, निळे, लाल, ठिपक्यांचे. लेदर कोरल दिवसा शेकडो बोटं बाहेर काढून प्रवाहात डोलतं. झोअँथिडच्या वसाहतीत नाण्याएवढी फुलं एकमेकांना खेटून उमलतात. या तिघांना कॅल्शियमचे डोस लागत नाहीत, बेताचा प्रकाश पुरतो, आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं, म्हणजे आपल्या टाकीत पाच लिटर, की त्यांना लागणारे क्षार परत मिळतात. तेही परवाना असलेल्या आयातदाराकडून, पावती घेऊनच घ्यावेत. त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या टाकीत वाढलेले. लेदर कोरल पाण्यात शेजाऱ्यांना मारक द्रव्यं सोडतं, म्हणून फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी कायम असावी.

झोअँथिडबद्दल मात्र सावधगिरीची गोष्ट आहे. १९७१ साली मूर आणि शॉयर या शास्त्रज्ञांनी हवाई बेटांवरच्या याच कुळातल्या प्राण्यातून पॅलिटॉक्सिन वेगळं काढलं. निसर्गात सापडणाऱ्या अतिजहाल विषांत त्याची गणना होते. सगळ्याच झोअँथिडांत ते नसतं, पण बाहेरून पाहून कळतही नाही. नुसतं टाकीत असल्याने काही होत नाही. मात्र त्यांना कापताना, दगडावरून खरवडताना हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि शेवाळ मारायला म्हणून असा दगड उकळत्या पाण्यात कधीही टाकायचा नाही. वाफेतून ते विष श्वासात गेल्याने घरातली सगळी माणसं, कुत्र्यांसकट, आजारी पडल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत.

माशांची हौस इथे आवरावी लागते. पन्नास लिटरमध्ये क्लाउनफिशची एक जोडी आणि एखादा छोटा गोबी, बास. ओसेलारिस जातीचे क्लाउनफिश हॅचरीत सर्रास तयार होतात, टाकीत जन्मतात आणि टाकीतच वाढतात, त्यामुळे समुद्रातून पकडलेला घेण्याचं कारणच उरत नाही. दोन लहान पिल्लं आणली की पुढचं ती ठरवतात: जन्मतः सगळेच नर, त्यांतला मोठा आणि दांडगा मादी होतो. निळा टँग मुलांना सिनेमात पाहिल्यामुळे हवा असतो, पण तो फूटभर वाढणारा आणि दिवसभर पोहणारा मासा आहे. त्याला नाही म्हणायचं. समुद्रफूल, म्हणजे अ‍ॅनिमोनी, हेही लहान टाकीत नको. त्याला जागा आवडली नाही की ते चालायला लागतं, आणि चालत चालत पंपात सापडलं तर तुकड्यांसोबत सगळी टाकी नासते. क्लाउनफिशला त्याच्यावाचून काही अडत नाही.

नवा मासा थेट मुख्य टाकीत सोडू नये. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, क्रिप्टोकॅरिऑन, एकदा आत आला की त्यावरचं तांब्याचं औषध टाकीत घालता येत नाही, कारण त्याने गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. त्यापेक्षा प्लास्टिकच्या टबात, साध्या स्पंज फिल्टरवर, महिनाभर वेगळा ठेवलेला बरा. खाणं दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली द्याल तेव्हा डबा देऊ नका. रोजच्या चिमटीएवढ्या पुड्या बांधून त्यावर वार लिहून द्या. प्रेमाने जास्त खायला घालणारा शेजारी टाकीला वीज जाण्याइतकाच धोक्याचा असतो.

वर्षभर पाणी नीट राहिलं तर मऊ प्रवाळ आवरेनासे होतात. लेदर कोरलची डोकी दिव्याला लागतात, मश्रूम शेजाऱ्याच्या दगडावर चढतो. तेव्हा छाटणी करायची. धारदार ब्लेडने लेदर कोरलचा एक तुकडा कापावा, तो सिरॅमिकच्या छोट्या खड्याला रबरबँडने सैल बांधावा आणि टाकीतच मंद प्रवाहात ठेवावा. दोन-तीन आठवड्यांत तो खड्याला धरतो. कापलेली मूळ जागाही भरून येते. असे तुकडे ओळखीच्यांत वाटत गेलं की नव्या टाकीसाठी समुद्रातून कुणाला काही उचलावं लागत नाही. देताना पिशवीत तुमच्याच टाकीचं पाणी भरा आणि वरून मार्करने तापमान व क्षारता लिहा. घेणाऱ्याने ती पाहून आपलं पाणी थेंबाथेंबाने, तासभर, त्यात मिसळावं आणि मगच तुकडा आपल्या टाकीत ठेवावा.